तांदळात लिहिलेलं नाव

बारशाला पाळण्याची दोरी कुणीही ओढतं, घुगऱ्या कुणीही वाटतं, आणि गाणं तर जिला येत नाही तीच मोठ्यानं म्हणते. पण लेकराच्या कानाला तोंड लावून नाव सांगायचा मान एकट्या आत्याचा. त्या मानापायी पाठीत बायकांचे धपाटेही खायचे ते तिनंच. डोंगरकड्याच्या दगडोबाला एकुलता एक मुलगा, विजयकुमार. मुलगी नाही. म्हणजे विजयकुमारला लेक झाली तेव्हा तिला सख्खी आत्याच नव्हती. अशा घरी मान एक पिढी मागं सरकतो आणि बापाच्या आत्याकडं जातो. ही आत्या म्हणजे दगडोबाची धाकटी बहीण चतुराबाई, आखाडा बाळापूरला दिलेली. वय चौसष्ट. कंबरेत थोडी वाकलेली, पुढचे चार दात गेलेले, पण चालायला लागली तर सुनेला मागं टाकणारी.

फाल्गुनातली गोष्ट. चतुराबाई अंगणात वाळत घातलेल्या हळदीवरून हात फिरवत होती. तेवढ्यात दगडोबा हातात केळाची फणी घेऊन फाटकातून आत आला. पाणी प्याला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "परवा बारसं हाय, चतुरा. उद्याच ये."

"येते की. नाव काय काढलं?"

दगडोबानं खिशातून चष्मा काढला, मग चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर एकच शब्द होता, तरी त्यानं ती दोनदा वाचली. "मायरा."

"म्हंजी काय?"

"अर्थ इचारला तर सूनबाई मोबाईल दाखवती. मोबाईलात चार अर्थ हायत, अन् चारी येगळे."

चतुराबाई पदर तोंडाला लावून हसली. दगडोबा हसला नाही. "हसू नको. पाळण्यात काय बी शोभतंय. पर उद्या ती पोरगी बाई व्हईल. हळद काढायला धा बायका घेऊन रानात जाईल. सत्तरीची व्हईल, तोंडात दात न्हाई, हातात काठी. अन् नातवंडं म्हनतील, मायराआज्जी, च्या घे. कसं दिसंल सांग."

"आता बाबा, सत्तरीला काय शोभतंय? मला आरसा बी शोभत न्हाई."

"ऐक. कानात तू सांगणार. कानात जे जातंय तेच खरं, मग कागदावर काय बी लिहू दे त्यांना. तू 'गोजर' सांग. आईचं नाव. लोकांत पुकार तेच कर. पुढचं मी बघून घेतो." जरा थांबून त्यानं टोपी डोक्यावर चढवली. "मपली बहीण असशील तर एवढं करशील."

एवढं बोलून तो उठला, जेवायलाही थांबला नाही.

हे वाक्य साधं नव्हतं. दगडोबा तसा मायाळू माणूस. आई गेल्यावरही पंचमीला बहिणीला न्यायला स्वतः येणारा, दिवाळीचं लुगडं कधी न चुकवणारा. पण एकदा रुसला की मग नावाप्रमाणे दगड. बांधावरच्या बाभळीवरून चुलतभावाशी अकरा वर्षं बोलला नव्हता. सातव्या वर्षी बाभूळ वाळून पडली, तरी पुढची चार वर्षं तो बोलला नव्हताच. चतुराबाईचं माहेर आता त्या एका माणसाच्या बोलण्यावर उभं होतं. आणि दुसरीकडं होती विजयकुमारची बायको प्रियंका. तिनं नऊ महिने वाहिलेलं लेकरू, आणि नऊ महिने मनात धरलेलं नाव.

त्या दिवशी मग चतुराबाईच्या हातात काही धड राहिलं नाही. कारण नाव शोभतं की नाही, हा प्रश्न तिच्यासाठी नवा नव्हता.

हे समजायचं तर तिच्या भावाच्या नावापासून निघावं लागतं. त्यांची आई गोजरबाई हिची पहिली तीन लेकरं गेली. चौथा झाला तेव्हा सगळे सटवाईला घाबरलेले. मग जुन्या बायका करत तसं केलं. लेकरू शेजारणीच्या ओटीत टाकलं, सूपभर कोंडा देऊन परत घेतलं, नाक टोचलं आणि नाव ठेवलं दगडू. दगडाला कोण नेतंय? आणि खरंच कुणी नेलं नाही. अडुसष्टाव्या वर्षीही त्याच्या नाकपुडीला ते छिद्र दिसायचं. शाळेत पोरांनी त्या नावावरून छळलं, तरी सातवीपर्यंत टिकला. अक्षर असं वळणदार आलं की गावातल्या लग्नपत्रिकेचा मजकूर लोक त्याच्याकडून लिहून घ्यायचे.

दगडू जगला तसा बाप हरिचंद धीट झाला. चार वर्षांनी मुलगी झाली. त्या वेळी गावात नांदेडकडचे एक मास्तर बिऱ्हाड करून होते. हरिचंद त्यांच्या घरी रोज दूध घालायचा. मास्तरीणबाई गावच्या बायकांची पत्रं वाचून दाखवायची, आणि कुणाच्या पत्रात वाईट बातमी असली तर आधी तिला पाणी प्यायला द्यायची. तिचं नाव नलिनी. हरिचंदच्या मनात ते नाव भरलं. गावात सगळ्या सखू, चंद्री, ठकू आणि गोजर. त्यात याची लेक नलिनी! पारावर लोक हसले. "हरिचंदा, तुपली नलिनी शेण काढायला कशी जाईल रे?"

"नाव कुठं शेण काढतंय?" हरिचंद म्हणाला. "हात काढतेत."

आणि नलिनी शेण काढायला गेली, गोवऱ्या थापल्या, कापूस वेचला, चौथीपर्यंत शाळेतही गेली. पाटीवर 'नलिनी हरिचंद' असं लिहून ती पाटी पुसायला तयार नसायची. दुसऱ्या दिवशीचा अभ्यास मग मागच्या बाजूला व्हायचा. भाऊ तिला 'नले' म्हणायचा. "नले, बैल सोड." "नले, मार खाशील." या नावानं तिला हाका मारल्या गेल्या त्या सोळा वर्षं.

सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती आखाड्याला आली. सोबत भाऊ होता, वीस वर्षांचा. उंबरठ्यावरचं माप ओलांडलं, देवापुढं बसवलं, ताटात तांदूळ पसरले. आता नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. सासूनं विचारलं, माहेरचं नाव काय म्हणून. कुणीतरी सांगितलं. सासू म्हणाली, "अगं बया, नलिनी? हे मास्तरणीचं नाव हाय. चार पोरं झाली, वावरात राबाया लागली की कसं शोभंल ते? आमच्या घरात न्हाई चालायचं. चतुरा लिव्हा." त्या सासूचंही मूळ नाव काय होतं हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, तिनं कधी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

नवऱ्यानं अंगठी हातात घेतली आणि थांबला. त्याला लिहिता येत नव्हतं. बायका खुदखुदल्या. बिचाऱ्याचे कान लाल झाले. तेव्हा सासरे म्हणाले, "पाव्हणे शिकलेले हायत की. त्यांनी हात धरावा."

पाव्हणे म्हणजे दगडू. तो पुढं सरकला, मेव्हण्याचा हात धरला आणि आपल्या त्या वळणदार अक्षरात तांदळात लिहिलं: चतुरा. एवढं देखणं लिहिलं की सासरे वाहवा म्हणाले. मुंडावळ्यांच्या आडून ती बघत होती. तिला वाटलं, दादा निदान एकदा वर बघेल. त्यानं बघितलं नाही. त्या तांदळाची दुसऱ्या दिवशी खीर झाली. तिनंही खाल्ली. गोड होती.

पुढं भाऊही तिला चतुराच म्हणू लागला. सासरच्या माणसांसमोर दुसरं काही बरं दिसलं नसतं. मग ते जिभेवर बसलं. विजयकुमारच्या बारशाला कानात नाव सांगितलं ते 'चतुराआत्या'नं. विजयकुमार हेही त्या काळचं फॅशनचंच नाव, तंबूतल्या सिनेमाच्या पाटीवरून आलेलं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की हा सत्तर वर्षांचा झाल्यावर कसा दिसेल. आता तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो, कोपरापर्यंत ऑईलमध्ये असतो, गाव त्याला इज्या म्हणतं, आणि विजयकुमार हे नाव कागदावर मजेत आहे.

हे सगळं जुनं झालं. पण मागच्या जेठात एक गोष्ट घडली होती. ती चतुराबाईनं कुणाला सांगितली नव्हती.

आधार कार्डावर तिची जन्मतारीख एक जानेवारी पडलेली, अर्ध्या गावाची पडते तशी. ती बदलायला शाळेचा दाखला हवा. म्हणून मुलगा देविदास तिला मोटारसायकलवर बसवून डोंगरकड्याच्या शाळेत घेऊन गेला. तिथल्या माणसानं जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवत गेला आणि म्हणाला, "हरिचंद यांची चतुरा नावाची मुलगी नाही. दगडू आहे. आणि एक नलिनी आहे."

देविदासनं आईकडं वळून विचारलं, "नलिनी कोण गं आई?"

चतुराबाईनं खाली बघितलं. भेगाळलेल्या टाचा दिसल्या. लुगड्याला हळदीचे डाग. तिला एकदम लाज वाटली, दुसऱ्या कुणाचा शालू अंगावर घालून चारचौघांत उभं राहिल्यासारखी. ते नाव हसरं होतं, चौथीतलं होतं, पाटी न पुसणारं होतं. ते या अंगावर कसं घ्यायचं? सासू खरं तेच बोलली होती, असं तिला त्या क्षणी वाटलं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "धाकटी बहीण व्हती मपली. लहानपणीच वारली."

देविदास कळवळला. "कधी बोलली न्हाईस."

"मामाला बी इचारू नको. त्याला तकलीफ व्हती."

मायलेक तसेच परतले. तारीख राहिली ती राहिलीच. पण देविदास भाविक पोरगा. भादव्यात पित्तरपाठ आला तेव्हा त्यानं बापाच्या आणि आजा-आजीच्या नावानं पानं मांडली आणि शेजारी आणखी एक पान मांडलं. चतुराबाईनं विचारलं, हे कुणाचं? तो म्हणाला, "नलिनीमावशीचं. बिचारीच्या मागं कोण हाय?"

खीर, वडे, आळूची भाजी तिनंच रांधली होती. देविदासनं ते पान पत्र्यावर ठेवलं. बाकीच्या पानांना कावळे वेळ लावत होते. या पानावर मात्र ठेवल्या ठेवल्या कावळा बसला. "मावशी उपाशी व्हती बघ," देविदास म्हणाला. चतुराबाई खाली उभी राहून बघत होती. आपल्या हातची खीर आपल्याच नावानं कावळा खाऊन गेला, हे कुणाला सांगायचं? त्या दिवशी ती जेवली नाही.

तर असं हे ओझं घेऊन चतुराबाई बारशाच्या आदल्या दिवशी अर्ध्या तिकिटात वारंगा फाट्यावर उतरली, दुसरी गाडी धरली आणि डोंगरकड्याला पोचली. दगडोबा खळ्यावर हळद शिजवायच्या धांदलीत होता. त्यानं लांबूनच हात केला. वहिनी रुक्माबाईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. "या वन्सं. पाठ मजबूत करून आलात न्हवं? उद्या धपाटे घालायला अख्खी गल्ली येणार हाय."

"घाला बाई. तुमचेच हात दुखतील. हाडंच हायत नुस्ती."

प्रियंका आत लेकराला तेल लावत होती. लग्नाआधी फाट्यावरच्या पार्लरमध्ये काम केलेली पोरगी. भुवया कोरलेल्या, पण अंघोळ घालायचा हात अगदी जुन्या बाईसारखा. चतुराबाई शेजारी टेकली. लेकरानं तिचं बोट धरलं.

"आत्याबाई, मामांनी तुम्हाला काही सांगितलंय का?" प्रियंकानं वर न बघता विचारलं.

"काय सांगणार?"

"दोन दिवसांपासून माझ्याशी बोलून नाही राहिले. गोजर, गोजर एवढंच पुटपुटतात."

चतुराबाईनं उत्तर टाळलं आणि मनातला प्रश्न विचारला. "खरं सांग पोरी. हे नाव म्हातारपणी शोभंल का हिला?"

प्रियंकाला राग येईल असं तिला वाटलं होतं. पण ती थोडा विचार करून म्हणाली, "आत्याबाई, दवाखान्यात माझ्या खोलीत तिघी होतो. दुसरीच्या पोरीचं नाव मायरा. तिसरीच्या पोरीचं अजून ठरायचं होतं, पण यादीत मायरा होतंच. ही म्हातारी होईल तेव्हा सगळ्या म्हाताऱ्या मायराच असतील. देवळात बसतील, एकमेकींच्या सुना काढतील. गोजर नाव ठेवलं तर हीच एकटी पडेल."

चतुराबाईला हसू आलं, मग ते आतच राहिलं. तिला वाटलं, ही पोरगी म्हातारपणाला घाबरत नाही. आपल्याला तर सोळाव्या वर्षीच म्हातारपणाचं नाव दिलं होतं.

"अन् लग्नात बदललं तर?" तिनं विचारलं.

प्रियंकाचा तेलाचा हात थांबला. "माझं पण बदललं होतं की. तांदळात रेणुका लिहिलं. दोन महिने सगळे रेणुका म्हणाले. मी ओच दिली नाही. वेडी म्हणाले, बहिरी म्हणाले. मग थकले." तिनं लेकराच्या टाळूवर तेल थापलं. "तुम्हाला पण दुसरं नाव असेल ना आधीचं?"

"व्हतं एक," चतुराबाई म्हणाली, आणि पाणी गरम झालं का बघायला उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हं कलल्यावर बारसं लागलं. ओसरीत पाळणा, खाली गव्हाची रास, रांगोळी. वरवंट्याला कुंची घालून बायकांनी तो पाळण्याखालून इकडून तिकडं दिला. घुगऱ्यांचं पातेलं, बायकांची दाटी. दगडोबा धुतलेलं धोतर नेसून दाराच्या चौकटीला टेकला होता. एरवी बारशात पुरुष लांब बसतात, पण आज तो जवळ उभा होता. बहिणीकडं बघून त्यानं एकदा मान हलवली.

रुक्माबाई म्हणाली, "चला वन्सं, घ्या मान."

चतुराबाई पाळण्यावर वाकली. पाठीवर पहिला धपाटा बसला, मग दुसरा, मग पाऊसच. बायका हसत होत्या. खाली ते एवढंसं तोंड, दुधाचा वास, आणि कान तर हरभऱ्याच्या पानाएवढा. तिनं तोंड कानाला लावलं. ओठांवर 'गोजर' होतं. खरंच होतं. भावाचा शब्द, आईचं नाव, पंचमीची गाडी, सगळं त्यात होतं. एक श्वास सोडला की झालं असतं.

पण तिला ते तांदूळ दिसले. दादाच्या बोटाखाली सरकणारे तांदूळ. आणि खीर. एक तेव्हाची, एक पत्र्यावरची.

"मायरा," ती लेकराच्या कानात म्हणाली. "मायरा. मायरा." मग बायकांच्या गलबल्यात कुणाला ऐकू जाणार नाही असं आणखी एक वाक्य बोलली. "हे तुपलं हाय. कुणी मागितलं तरी देऊ नको."

मग कंबर सरळ करून तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव पुकारलं. बायकांनी कुर्र केलं. प्रियंकानं डोळे पुसले. चतुराबाईनं दाराकडं बघितलं तर चौकट रिकामी होती.

घुगऱ्या वाटून झाल्या, लोक पांगले, दगडोबा काही आला नाही. "तुमी जाऊ नका," रुक्माबाई म्हणाली. "आता हे दिवाळीपातुर बोलायचे न्हाईत." चतुराबाईनं घुगऱ्यांची एक वाटी भरली, वर पदर झाकला आणि खळ्याची वाट धरली.

शिजलेल्या हळदीची वाफ अजून उठत होती. दगडोबा रास पसरत होता. धुतलेलं धोतर पिवळं झालं होतं. तिला बघूनही तो थांबला नाही. ती बांधावर बसली, वाटी शेजारी ठेवली.

"आईचं नाव चाललं असतं," अखेर तोच बोलला. "तेवढं बी तुला झालं न्हाई."

"दादा, गोजर हे आईचं नाव न्हवतं."

त्याचं फावडं थांबलं.

"सासरचं व्हतं ते. ह्या घरानं ठेवलेलं. तिच्या माहेरी तिला मैना म्हनायचे. मला लग्नाच्या आदल्या दिशी सांगितलं तिनं, डोक्याला तेल घालताना. म्हनली, उद्या तुपलं बी जाईल, मनाला लावून घेऊ नको."

दगडोबा हळदीच्या राशीवरच बसला. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला आपल्या आईचं नाव नव्यानं कळलं, तर त्यानं काय करावं? त्यानं ते नाव हळूच उच्चारून पाहिलं. "मैना." मग म्हणाला, "मग तेच ठेवायचं व्हतं."

"तिचं तिच्यासंगं गेलं. ह्या लेकराला हिचं असू दे." ती थांबली. आता जे बोलायचं होतं ते अठ्ठेचाळीस वर्षं बोलायचं राहिलं होतं. "तू इचारलंस, सत्तरीला कसं दिसंल. मला ठाव न्हाई दादा. मपली नलिनी सोळा वर्साची हाय. अजून तेवढीच हाय. तिला केस पांढरे झालेच न्हाईत. शोभली असती का न्हाई, कुणी बघितलंच न्हाई. अन् तांदळात तू लिव्हलंस."

"मी न्हाई, दाजींनी..."

"दाजींना लिव्हता येत न्हवतं."

दगडोबानं आपल्या हाताकडं बघितलं. बोटं हळदीनं पिवळी झाली होती. खालच्या मानेनं तो म्हणाला, "मला ठाव हाय. तुझ्याकडं बघायला तवा धीर झाला न्हाई. मी म्हनलं, अक्षर तरी चांगलं काढावं."

मग तिनं शाळेतली गोष्ट सांगितली. रजिस्टर, देविदासचा प्रश्न, आपलं खोटं. पित्तरपाठातलं पान सांगितलं, कावळा सांगितला. ऐकताना दगडोबाच्या तोंडावर हसू आलं आणि अर्ध्यातच मोडलं. तो डोळ्यांवर मनगट दाबून बसून राहिला. हळदीचा हात डोळ्याला लागू नये म्हणून मनगट.

मग तो उठला. वाटीतल्या घुगऱ्या उभ्यानंच खाल्ल्या. "चल घरी," म्हणाला.

घरी दगडोबाची एक शंभरपानी वही होती, शाळा सुटल्यापासूनची. घरातले जन्म, गाईंची वेतं, विहिरीला पाणी लागलं तो दिवस, सगळं त्यात. ती त्यानं फळीवरून काढली, हात धुतले, चष्मा लावला आणि ओसरीत बसला. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होता, तशी त्याला सवयच. "विजयकुमार यास कन्या झाली. नाव, मायरा." आत पाळणा हलवणाऱ्या प्रियंकाचा हात थांबला. "नाव ठेवणारी आत्या..."

इथं तो थांबला. या वहीत छत्तीस वर्षांपूर्वी, विजयकुमारच्या पानावर, याच ओळीपुढं त्यानं चतुराबाई लिहिलेलं होतं. त्यानं वर बघितलं. या वेळी बघितलं. "काय लिहू?"

"तुला ठाव हाय ते लिही."

तो लिहायला लागला. वळण तेच होतं. लिहून झाल्यावर वही तिच्यापुढं सरकवली. चतुराबाईनं बोट ठेवलं. चौथीतलं वाचन, त्यालाही गंज चढलेला. न. लि. नी. बोट पुढं जाईना.

"शाई ओली हाय, नले," दगडोबा म्हणाला. "पुसशील."

रुक्माबाई चहाचे कप घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली. "नले? कोण नली?"

चतुराबाईनं बोट उचललं, कनवटीचा मोबाईल काढला आणि प्रियंकाला म्हणाली, "पोरी, देविदासला लावून दे."

देविदासनं उचलला. "आई, झालं का बारसं? सकाळच्या गाडीनं येतीस न्हवं?"

"सकाळी न्हाई. सकाळी मामासंगं शाळेत जायचं हाय. एक खोटं सांगून आले व्हते, ते निस्तरून येते. सांजच्याला येईन."

"कसलं खोटं?"

"आल्यावर सांगते. अन् ऐक. यंदा पित्तरपाठात तुझ्या मावशीचं पान मांडू नको."

"काहून?" देविदास गोंधळला. "काहून आई?"

चतुराबाईनं समोरच्या वहीकडं बघितलं. शाई वाळत आली होती.

"ती हाय अजून," ती म्हणाली.